बादशहा सोडून कुणीतरी

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो: इतिहासाच्या पुस्तकात मुघलांना किती पानं द्यायची? 2017 मध्ये महाराष्ट्राच्या सातवीच्या पुस्तकात त्यांची जागा आटली. 2023 मध्ये एनसीईआरटीने बारावीतलं मुघल दरबारांचं प्रकरण काढलं. एक मामा म्हणतात, बरं झालं. दुसरे म्हणतात, इतिहास पुसला. पण मुलांना इस्लाम भेटायचा तो बादशहांमार्फतच, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. चौदा वर्षांच्या मुलीची रोज्यात दुपारी चिडचिड होते का, हे कुणी विचारत नाही.

इथे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये, माझ्या लेकीला अशा गोष्टी कादंबऱ्यांतून कळल्या. हेना खान यांच्या ‘अमीनाज व्हॉइस’ (2017) मधली अमीना मिलवॉकीत वाढणारी पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी. गळा गोड, पण चारचौघांत गायचं म्हटलं की घाम फुटतो. पाकिस्तानातून आलेले मोठे काका म्हणतात, गाणंबजावणं धर्मात बसत नाही, आणि घरात अवघडलेपण येतं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. श्रद्धाळू माणसंही धर्मावरून आपसात वाद घालतात, हे कुठल्या धड्यात असतं?

इथेही पूर्वी असं नव्हतं. मुस्लिम मुलगी भेटायची ती समाजाबाहेरच्या लेखिकेच्या नजरेतून. 1989 च्या ‘शबानू’ कादंबरीची नायिका ही पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटातली, लग्न ठरवून टाकलेली मुलगी. पुस्तक वाईट नाही. पण वर्गात तेवढं एकच वाचलं, तर मुस्लिम मुलगी म्हणजे सुटकेची वाट पाहणारी बिचारी, एवढंच डोक्यात बसतं. याच्या उलट, समाजाची प्रतिमा उजळायला लिहिलेली आदर्श पात्रंही मुलं दोन पानांत ओळखतात आणि पुस्तक मिटतात. सबा ताहिर यांच्या ‘ऑल माय रेज’ मध्ये बाप दारूत बुडालेला आहे आणि घरचं मोटेल डबघाईला आलंय. 2022 चा नॅशनल बुक अवॉर्ड त्याच कादंबरीला मिळाला.

मग हीच पुस्तकं मराठीत आणावीत का? जरूर आणावीत, पण तेवढ्याने भागणार नाही. माझी लेक अमीनात स्वतःला पाहते. अमेरिकेत तीही अल्पसंख्य, तिच्याही आईच्या इंग्रजीला लोक हसतात. माझी पुण्यातली भाची तेच पुस्तक वाचेल, तेव्हा ती अमीनाच्या जागी नसेल, वर्गातल्या बहुसंख्य मुलांच्या जागी असेल. शिवाय अमीनाचे आईवडील परदेशातून येऊन स्थायिक झालेले. चिपळूणची मुस्लिम मुलगी कुठून आलेली नाही, ती पिढ्यान् पिढ्या तिथलीच आहे. तिची गोष्ट मिलवॉकीत कशी सापडेल?

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. श्रीगोंद्याचे मुस्लिम संतकवी शेख महंमद आपल्या संतपरंपरेतले. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचं पुस्तकही लिहिलं. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी 1965 ची. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये सोलापुरात सुरू झालं. पण तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली कादंबरी शोधायला गेले, तर हाती फारसं लागलं नाही. शाळांची ग्रंथालयं अशी पुस्तकं मागत नाहीत, म्हणून प्रकाशक काढत नाहीत, आणि जी लिहू शकेल तिला कुणी विचारत नाही.

मामांचं म्हणणं, असं पुस्तक शाळेत लावलं तर पालक ओरडतील. ओरडतील की! इथेही ओरडतात, आणि त्यात मुस्लिम पालकही असतात. मेरीलँडमधल्याच एका काउंटीत समलिंगी पात्रांच्या चित्रपुस्तकांच्या तासाला मुलांना बसवणार नाही, अशी मागणी घेऊन मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक कोर्टात गेले. 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. शिकागोत 2013 मध्ये इराणी क्रांतीत वाढलेल्या मुलीची चित्रमय आत्मकथा ‘पर्सेपोलिस’ वर्गांतून काढायचा आदेश निघाला, तेव्हा मात्र मुलंच शाळेबाहेर निदर्शनाला उभी राहिली. सातवीच्या वर्गातून पुस्तक गेलं, ग्रंथालयात राहिलं.