बोटांचे ऐकणारे खेळ आणि बाणामागे धावणारे डोळे

व्हिडिओ गेमविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात चित्रांचा दर्जा, कथानक, किंमत आणि मुलांच्या अभ्यासावर होणारा परिणाम यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना आणि डोळ्यांना त्या खेळात प्रत्यक्ष काय अनुभव येतो, यावर फारसे कोणी लिहीत नाही. अनेक वर्षे खेळल्यानंतर माझे मात्र असे ठाम मत झाले आहे की एखादा गेम जिवाभावाचा होतो की आठवड्याभरात विटतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. बटन दाबल्यावर पात्र कसे हलते ही पहिली, आणि त्या जगात आपल्याला वाट कशी सापडते ही दुसरी. आजच्या मोठ्या, खर्चिक गेमपैकी बऱ्याच गेमनी या दोन्ही बाबतींत उलटी दिशा धरली आहे. हाताला जिथे सवलत द्यायची तिथे ते अडून बसतात, आणि वाट शोधण्याचे काम जिथे खेळणाऱ्यावर सोपवायचे तिथे पावलापावलाला त्याचे बोट धरतात.

आधी हाताविषयी. १९९६ मध्ये निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ६४’ आला, तेव्हा त्रिमितीय जगात पात्र कसे चालवावे याची घडी अजून बसलेली नव्हती. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे टप्पे रचण्याआधी मारिओला एका साध्या जागेत नुसते पळवून, उड्या मारायला लावून, एका सशाच्या मागे धाववून त्याची हालचाल घोटून घेतली. त्या मेहनतीचे फळ आजही हाताला जाणवते. कंट्रोलरवरची स्टिक जराशी ढकलली की मारिओ चवड्यांवर सरकतो, आणखी ढकलली की चालतो, आणि पूर्ण ढकलली की धावतो. खेळ सुरू होतो किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानात, जिथे एकही शत्रू नसतो. झाडावर चढणे, उतारावरून घसरणे, लागोपाठ तीन उड्या मारून तिसरी किती उंच जाते ते पाहणे, यातच बराच वेळ निघून जातो. गेम चांगला आहे की नाही, याची माझी पहिली कसोटी हीच आहे: काहीही मिळवायचे नसताना त्या पात्राला नुसते हलवत राहावेसे वाटते का?

हाताला सवलत देणे म्हणजे काय, हे मला सर्वांत नेमके ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या गेममध्ये दिसले. डोंगर चढणाऱ्या मॅडेलीन नावाच्या मुलीचा हा गेम अतिशय कठीण म्हणून ओळखला जातो, आणि तो कठीण आहेच. पण त्याच्या आत बरीच दया लपलेली आहे. मॅडेलीनचा पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत उडीचे बटन दाबले, तर गेम ती उडी मान्य करतो. जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधीच बटन दाबले गेले, तर ते लक्षात ठेवून पाय टेकताच उडी देतो. वर जाताना डोके एखाद्या कोपऱ्याला निसटते लागले, तर तिला किंचित बाजूला सरकवून वाट मोकळी करून देतो. ही लबाडी आहे असे म्हणणारे मित्र मला भेटले आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असते, तीसच चित्रे असतील तर ३३ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. त्यात टीव्हीचा विलंब, कंट्रोलरचा विलंब आणि डोळ्यापासून बोटापर्यंत आपल्या शरीराचा विलंब मिळवला, तर खेळणाऱ्याला ‘मी अगदी कडेवर असताना दाबले’ असे प्रामाणिकपणे वाटत असताना पात्र कडेच्या पुढे गेलेले असते. अशा वेळी यंत्राचा हिशेब खरा मानून खेळणाऱ्याला खाली पाडायचे, की त्याचा हेतू ओळखून उडी द्यायची? ‘सेलेस्ट’ हेतूला मान देतो. म्हणूनच तिथे शेकड्यांनी मरूनही राग येत नाही, कारण प्रत्येक वेळी चूक आपली होती हे हाताला पटलेले असते.

म्हणजे प्रत्येक पात्र पिसासारखे हलके असावे, असे मला म्हणायचे नाही. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये केलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी संगणकाच्या वर्गात चोरून खेळला असेल. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली, त्यामुळे एकदा पाऊल उचलले की ते पूर्ण होईपर्यंत राजपुत्र थांबत नाही, आणि धावताना थांबायलाही त्याला थोडे अंतर लागते. पण ते अंतर कायम तेवढेच असते. शिफ्ट दाबून जपून टाकलेले पाऊल कड्याशी येऊन आधी थांबते, आणि उडी किती फरशा पार करील ते मोजता येते. ‘रेसिडेंट ईव्हिल’ मध्येही १९९६ साली पात्र रणगाड्यासारखे जागच्या जागी वळायचे आणि ‘वर’ दाबले की स्वतःच्या नाकासमोर चालायचे. आज ते अवघड वाटते, पण त्यामागे कारण होते. कॅमेरा जागोजागी खिळलेला असल्यामुळे दृश्य बदलले तरी पुढे जाण्याचे बटन बदलू नये, अशी ती सोय होती. दोन्ही गेम जड आहेत, तरी हाताला फसवत नाहीत.

याउलट २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ विषयी मला खरोखर वाईट वाटते, कारण इतके देखणे, इतके जिवंत जग मी क्वचितच पाहिले आहे. तिथे माणसाकडे लक्ष वळवून त्याला नमस्कार-चमत्कार करण्याचे बटन आणि हातात बंदूक असेल तर ती त्याच्यावर रोखण्याचे बटन एकच आहे. गावात कोणाला रामराम करायला जावे आणि त्याऐवजी त्याच्या छातीवर बंदूक रोखली जाऊन सगळे गाव मागे लागावे, हा अनुभव तो गेम खेळलेल्या अनेकांना आला आहे. धावायला तेच बटन पुन्हा पुन्हा दाबावे लागते, आणि खण उघडून वस्तू उचलण्याचे संपूर्ण दृश्य दर वेळी पाहावे लागते. दृश्यांचा हा संथपणा मला एक वेळ चालतो, कारण त्या कथेला तो शोभतो. पण एकाच बटनाचा अर्थ परिस्थितीनुसार बदलणे मला खपत नाही, कारण तिथे हाताचा विश्वास उडतो आणि नंतर प्रत्येक भेटीत बोट अडखळते.

फोनवरच्या गेमचा विचार इथे टाळता येणार नाही, कारण गोव्यात नवीन पिढी प्रामुख्याने फोनवरच खेळते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत कधीही पाहा, दोन-तीन मुले ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या नेमबाजीच्या गेममध्ये बुडालेली असतात. काचेवरच्या बटनाला कड नसते, ते दाबले गेल्याचे बोटाला कळत नाही, आणि अंगठा नेमका जिथे शत्रू दिसायला हवा तिथेच पडदा झाकतो. या अडचणींवर मुलांनी काढलेले उपाय पाहून मी थक्क होतो. माझा फोंड्याचा भाचा फोन टेबलावर टेकवून दोन्ही अंगठ्यांबरोबर तर्जन्याही वापरतो, नेम धरण्यासाठी फोनच तिरका करतो, आणि पडद्यावरचे प्रत्येक बटन आपल्या बोटांच्या मापाने सरकवून, लहान-मोठे करून, फिकट करून बसवतो. “मामा, दुसऱ्याच्या फोनवर मला चालताच येत नाही,” असे तो म्हणतो, आणि ते अक्षरशः खरे आहे. बटने स्वतः मांडण्याची मुभा त्या गेमने दिली, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण आहे असे मला वाटते. जी मुभा फोनवरचा फुकट गेम देतो, ती हजारो रुपयांच्या काही गेममध्ये आजही अर्धवट असते, हे मला समजत नाही.

आता वाटेविषयी. म्हापशाच्या सायबर कॅफेत आम्ही ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतला ‘व्हाइस सिटी’ खेळायचो, तेव्हा कोपऱ्यात एक छोटा गोल नकाशा आणि त्यावर एक ठिपका एवढेच असायचे. ठिपका दिशा सांगायचा, रस्ता सांगायचा नाही. त्यामुळे समुद्राकाठच्या दिव्यांच्या हॉटेलांची ओळ, पलीकडच्या बेटावर नेणारे पूल, कुठली गल्ली पुढे बंद होते, हे सगळे आपोआप पाठ झाले, आणि आजही ते शहर मी डोळे मिटून फिरू शकतो. २००८ मध्ये त्याच मालिकेच्या चौथ्या भागात नकाशावर रस्ता रंगवून दाखवणारी रेघ आली. सोय उत्तम होती. पण त्यातले शहर, लिबर्टी सिटी, त्याहून कितीतरी बारकाईने उभारलेली असूनही तिचे रस्ते मला आठवत नाहीत, कारण गाडी चालवताना माझी नजर शहरावर नसायची, त्या रेघेवर असायची. कलाकारांनी वर्षानुवर्षे खपून उभे केलेले शहर पाहायचे सोडून आपण पडद्याच्या कोपऱ्यातल्या रुपयाएवढ्या वर्तुळाकडे पाहत राहतो.

२००२ चा ‘मॉरोविंड’ ज्यांनी खेळला नाही, त्यांना मी तो अजूनही आवर्जून खेळायला सांगतो. तिथे काम सांगणारा माणूस वाटही सांगतो: या गावातून उत्तरेला निघा, नदी ओलांडा, फाटा लागला की डोंगराच्या बाजूला वळा. ते वहीत नोंदले जाते आणि पुढे शोधायचे आपण. सत्तरीच्या किंवा पेडण्याच्या आतल्या वाड्यांवर, फोनची रेंज जाते तिथे, आपण आजही असेच पोचतो. तिठ्यावर खुरीस दिसला की डाव्या हाताला, व्हाळावरची साकव ओलांडली की माडांचे भाट, त्याच्या मागे घर. अशा वाटेवर माणूस आजूबाजूला पाहतो, कारण पाहिल्याशिवाय पोचता येत नाही. ‘मॉरोविंड’ मधल्या काही सूचना चुकीच्याही होत्या आणि त्यापायी लोकांनी तासन्‌तास घालवले, हे मान्य आहे. पण त्याच मालिकेतल्या पुढच्या ‘ऑब्लिव्हियन’ ने २००६ मध्ये पडद्याखाली दिशादर्शक पट्टी देऊन त्यावर मुक्कामाची खूण ठेवली, आणि माणसांनी वाट सांगण्याची गरजच संपली.

आता कोणी म्हणेल की खुणा नको असतील तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अपुरा आहे. खुणा गृहीत धरून रचलेल्या गेममध्ये त्या बंद केल्या, तर उरते काय? पात्र म्हणते “ती तलवार घेऊन ये”, पण कुठून ते कोणी सांगत नाही, कारण लिहिणाऱ्याने ते पडद्यावरच्या दिशा दाखवणाऱ्या बाणावर सोडलेले असते. वाट संवादात, डोंगराच्या आकारात, प्रकाशात आधीपासून विणलेली असावी लागते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मध्ये ती विणलेली आहे. मनोऱ्यावर चढल्यावर तिथे नकाशाचा भूभाग उघडतो, पण ठिकाणांच्या खुणांनी तो भरून जात नाही. दुर्बिणीतून स्वतः पाहायचे, स्वतः खूण रोवायची. टेकड्यांची रचनाही अशी, की एक ओलांडताना तिच्याआड लपलेले दुसरे काहीतरी हळूहळू उघड होते आणि पाय तिकडे वळतात. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ मध्ये तर तलवार उन्हात धरली की किरण दिशा दाखवतात, आणि सावलीत उभे असाल तर तेही नाही.

‘हॉलो नाइट’ ने २०१७ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. नव्या भागात शिरताना नकाशा नसतोच. जमिनीवर विखुरलेले कागद आणि कुठूनतरी येणारे गुणगुणणे यांच्या मागावर गेलो, की कॉर्निफर नावाचा नकाशाकार सापडतो आणि अर्धामुर्धा नकाशा विकतो. उरलेला आपण फिरून भरायचा, तोही बाकावर बसल्यावरच नोंदला जातो. आपण कुठे आहोत हे नकाशावर दिसण्यासाठी एक ताईत वापरावा लागतो आणि तो लढाईतल्या दुसऱ्या ताइताची जागा अडवतो. मार्गदर्शनाला इथे किंमत आहे, आणि ती मोजायची की नाही हे खेळणारा ठरवतो. हरवण्याची ती धाकधूक आणि मग ओळखीचा बोगदा लागल्यावर वाटणारे हायसे, हा आनंद मला कोणत्याही बाणाने दिलेला नाही.

कड्यांना आणि शिड्यांना पिवळा रंग फासण्यावरून अलीकडे बराच वाद झाला, २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी ७ रिबर्थ’ च्या वेळी तर फारच. त्या रंगाचा मला राग नाही. चित्रे इतकी तपशीलवार झाली आहेत की शंभर दगडांपैकी चढता येणारा कोणता हे नजरेला कळत नाही, आणि रंग हा त्यावरचा घाईचा इलाज आहे. खरा इलाज दगड मांडतानाच करायला हवा.

मार्गदर्शन सरसकट काढून टाका, असेही माझे म्हणणे नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्याला कधीकधी हात धरणारा गेमच हवा असतो, आणि ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते त्यांच्यासाठी तर हा खेळता येण्या-न येण्याचा प्रश्न आहे. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ मध्ये २०२० साली साठाहून अधिक सुलभता-पर्याय दिले गेले. त्यात बटन दाबताच कॅमेरा पुढच्या वाटेकडे वळवणारा पर्याय होता, आणि आवाजांच्या खुणा होत्या, ज्यांच्या आधारे अंध खेळाडूंनी तो गेम पूर्ण केला. ‘डेड स्पेस’ मध्ये २००८ पासून आहे तीही रीत मला आवडते: विचारले तर जमिनीवर क्षणभर रेघ उमटते, न विचारता कधीच नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ मध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही, तो रचनाकारांनी बसवलेला आहे. महाल आणि तटबंदी दाखवत तो मागे सरकतो तेव्हा पुढची वाट एकही बाण न वापरता कळते. काही उड्यांच्या वेळी मात्र अंतराचा अंदाज चुकतो आणि तिथे हाताला थोडी सवलत हवी होती, असे वाटत राहते. गोव्यात गेम बनवायला शिकणारी जी मुले-मुली हे वाचत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिला टप्पा रचण्याआधी एका रिकाम्या चौकोनात आपले पात्र आठवडाभर नुसते चालवून पाहा, ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही अशा घरातल्या कोणाच्या तरी हातात ते द्या, आणि तो माणूस कुठे अडतो ते न बोलता बघत बसा. मग नकाशा न काढता, फक्त गावातल्या पात्रांच्या तोंडून, त्याला पहिल्या मुक्कामापर्यंत पोचवून दाखवा.