पांढरा नको, पिवळाही नको

खोलीच्या रंगाबद्दल आमच्या घरात पूर्ण एकमत आहे: पांढरा नको, पिवळाही नको, मधलं काहीतरी ऊबदार हवं. गोची एवढीच की शेडकार्डात या मधल्या मंडळींचीच वस्ती सगळ्यात दाट. क्रीम, बेज, बदामी, हस्तिदंती, पानंच्या पानं. पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या, लाल, काळ्या रंगद्रव्याचे थेंब कमीजास्त करायचे, फरक काय तो एवढाच. पण त्या थेंबाथेंबावर आमचा संसार पणाला लागलाय.

सुटे पाहिले तर सगळे सारखे. शेजारी ठेवले की एकेकाचं पितळ उघडं पडतं. याच्यात गुलाबी झाक, त्याच्यात हिरवट, तिसरा आतून करडा. झाक एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्ये याच भानगडीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका दिसतो; दोष निघाला शेजारच्या रंगांचा. आमच्याकडे दोषी निघाला विटकरी सोफा. त्याच्याशेजारी धरलेला प्रत्येक बेज हिरवट पडतो. सोफाच बदलू, हा माझा प्रस्ताव चर्चेविना फेटाळला गेला.

भिंतीवर पट्टे मारून बघू नये, जुना रंग शेजारून फसवतो, असं कळलं. म्हणून मी पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले आणि ते घेऊन घरभर फिरू लागलो. दिवसा खिडकीत देखणा दिसणारा 2700 केल्विनच्या (पिवळसर उजेडाच्या) दिव्याखाली कावीळ झाल्यासारखा, आणि 6500 च्या (थंड, पांढऱ्या उजेडाच्या) दिव्याखाली त्याच्या अंगात रक्तच नाही!

"काल हाच आवडला होता ना तुला?" बायको.

"काल तो वेगळा होता."

"पुठ्ठा हाच होता."

पेंटरकाकांचं मात्र बरं आहे. ते या सगळ्यांना 'क्रीम' म्हणतात. "वाळला की थोडा गडद होतो, आणि चारी भिंतींना लागला की आणखी चढतो. एक नंबर फिका घ्या," एवढं सांगून ते पुट्टी घासायला लागले. वर्तमानपत्र अंथरलेलं, शिडी उभी, आता बोला!

शेवटी गुलाबी झाकेवाला जिंकला, तोही एक नंबर फिका. भिंतीला लागल्यावर झाक कुठे गेली कोण जाणे. आता शेजारी कुणी नाही, तुलना कशाशी करणार? हरलेले पुठ्ठे बायकोनं त्याच संध्याकाळी कचऱ्यात काढले. त्यातले दोन मी कपाटामागे सरकवून ठेवलेत.