सीएलएवर सही करण्याआधी त्यात एक वाक्य शोधा

ऑक्टोबर जवळ आला की हॅकटोबरफेस्टसाठी, म्हणजे ओपन सोर्स (सगळ्यांना खुल्या) प्रकल्पांना कोड पाठवायच्या महिन्यासाठी, कॉलेजच्या पोरांचे मेसेज सुरू होतात. "दादा, पहिली पुल रिक्वेस्ट टाकली, पण बॉट म्हणतोय सीएलए साइन करा. करू का?" (पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती.) खरं तर बहुतेकांनी विचारायच्या आधीच सही करून टाकलेली असते. गिटहबचं, म्हणजे कोड ठेवायच्या साइटचं, लॉगिन आहेच, लिंक उघडायची, सर्रकन खाली स्क्रोल करायचं, 'आय ॲग्री'. लाल फुली जाऊन हिरवी खूण येते आणि विषय संपतो. इनबॉक्समध्ये तेच ते लिहायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच इथे लिहितो.

आधी भीती घालवू. सीएलए म्हणजे कंट्रिब्यूटर लायसन्स ॲग्रीमेंट, कोड देणाऱ्याने प्रकल्पाच्या मालकाला लिहून द्यायचा करार. त्यात कॉपीराइट सहसा तुमच्याकडेच राहतो. (जीएनयू प्रकल्पाच्या ईमॅक्स एडिटरसारख्या कामात तो एफएसएफच्या, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या, नावे करून द्यावा लागतो, ती वेगळी भानगड. जीसीसी या जीएनयूच्याच कंपायलरने ती सक्ती २०२१ मध्ये सोडली.) सीएलएत तुम्ही प्रकल्पाच्या मालकाला परवाना देता: कायमचा, जगभराचा, फुकट, मागे न घेता येणारा. वाचून पोटात गोळा येतो, पण हे शब्द उगाच नसतात. आपल्याच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघा. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३०अ मुळे हे लायसन्सलाही लागू होतं. सहाव्या वर्षी कोणी उठून 'माझा कोड काढा' म्हणाला तर प्रकल्पाने काय करायचं? तेव्हा एवढं लिहून घेणं रास्तच आहे.

माझं भांडण आहे ते सबलायसन्सच्या कलमाशी. तुमचा कोड पुढे कोणाला, कोणत्या अटींवर द्यायचा हे मालक ठरवणार. म्हणजे जमीन नावावर तुमचीच, कुलमुखत्यारपत्र मात्र दुसऱ्याच्या खिशात, आणि तेही रद्द न होणारं. शिवाय सही एकदाच करायची असली तरी मसुद्यात 'आताची आणि यापुढची' योगदानं असं लिहिलेलं असतं. तीन वर्षांनी टाकाल तो पॅचही त्यातच आला.

प्रकल्प एजीपीएल या मुक्त लायसन्सखाली असेल तर हे जास्त बोचतं. एजीपीएलचा नियम असा की बदल करून सेवा चालवलीत तर बदललेला सोर्सही द्या. तुम्ही-मी त्याला बांधलेले. सीएलए हातात असलेली कंपनी मात्र नाही, तिला सगळ्यांनी वेगळी सूट लिहून दिलेली असते. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल सोडून एसएसपीएल हे स्वतःचं जास्त कडक लायसन्स आणलं, बाहेरच्यांचा कोड त्यात असूनही कोणाला विचारावं लागलं नाही. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे आपलं क्लाउड सांभाळायचं साधन एमपीएल या मुक्त लायसन्सवरून वापरावर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, तेही असंच. लोकांनी फोर्क करून, म्हणजे जुना कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढून, ओपनटोफू उभं केलं, म्हणून जुन्या अटींवरचं काम चालू राहिलं.

दोष सगळा सीएलएचाच, असंही नाही. रेडिस हा डेटाबेस बीएसडी लायसन्सखाली होता, आणि बीएसडी इतकं मोकळं की मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदलायला सीएलएची गरजच पडली नाही. व्हॅल्की हा त्याचा फोर्क जन्माला आला तो त्यातून. आणि सर्चचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०१८ मध्ये जाहीर लिहिलं होतं की अपाची लायसन्सखालचा आमचा कोड आम्ही कधीच हलवणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये हलवला. २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला, ते चांगलंच केलं. पण तो 'कधीच' कुठल्याही करारात नव्हता, घोषणेत होता.

आता ते वाक्य. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा वैयक्तिक सीएलए उघडा. सुरुवातीलाच लिहिलंय की या बदल्यात फाउंडेशन तुमचं योगदान लोकहिताविरुद्ध किंवा आपल्या ना-नफा स्वरूपाशी आणि नियमावलीशी विसंगत अशा रीतीने वापरणार नाही. एकच वाक्य, पण घेणाऱ्याचेही हात बांधणारं. पुढे कित्येक कंपन्यांनी आपले सीएलए याच मसुद्यावर बेतले, गूगलनेसुद्धा. बाकी मजकूर जवळपास शब्दशः तोच. हे वाक्य तेवढं गाळलेलं. मी कोणताही सीएलए वाचायला घेतला की आधी तेच शोधतो.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाने तर याहून पुढची मजल मारली. २०१२ मध्ये त्यांनी डेटाचं लायसन्स बदललं तेव्हा प्रत्येक मॅपरला नव्या अटी मान्य आहेत का विचारलं, आणि नाही म्हणणाऱ्यांनी काढलेले रस्ते खरोखर नकाशावरून काढून टाकले. त्या अटींत एक कलम आहे: पुढे लायसन्स बदलायचं तर नवंही मुक्तच हवं, आणि सक्रिय योगदान देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची संमती हवी. क्यूटी या ॲप बनवायच्या साधनाची कंपनी सीएलए घेते, पण केडीई या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाशी तिचा १९९८ पासून करार आहे. कंपनीने मुक्त आवृत्ती काढणं बंद केलं तर क्यूटी बीएसडीसारख्या लायसन्सखाली खुलं करायचा हक्क त्या करारातून उभ्या राहिलेल्या फाउंडेशनला मिळतो. कंपनी पैसे कमावते, लोकांचा कोडही राहतो. म्हणजे जमतं, लिहून द्यायची तयारी हवी.

"पण ॲमेझॉनसारखे हाच कोड सेवा म्हणून विकून फुकट ओरपतात, तो बनवणाऱ्या कंपन्यांनी खायचं काय?" हा प्रश्न मला पटतो. लायसन्स हवं ते लावा. माझा कोड पगारी माणसाच्या कोडसारखा वापरायचा, आणि मला मात्र 'कम्युनिटी' म्हणून टी-शर्टवर वाटेला लावायचं, हे पटत नाही.

आणि सीएलएशिवाय प्रकल्प चालतच नाहीत हेही खरं नाही. लिनक्स कर्नलला सीएलए नाही. एससीओ या कंपनीने लिनक्समधल्या कोडवर हक्क सांगत केलेल्या खटल्यानंतर, २००४ पासून, कमिटखाली (कोडमधल्या बदलाच्या नोंदीखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ येते. हा कोड द्यायचा हक्क मला आहे, एवढंच त्यात तुम्ही म्हणता. गिटहबसारख्याच गिटलॅबनेही २०१७ मध्ये सीएलए सोडून हीच वाट धरली.

माझा स्वतःचा हिशोब असा: अपाची, पायथन अशा फाउंडेशनला डोळे झाकून नाही, पण वाचून सही करतो. एकतर्फी सीएलए मागणाऱ्या कंपनीच्या प्रकल्पात बग नीट लिहून कळवतो. पॅच त्यांच्या पगारी माणसाने लिहावा.

राहिल्या दोन गोष्टी, ज्या पोरं कधीच विचारत नाहीत. वय १८ पूर्ण नसेल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तुम्ही केलेला करार मुळातच रद्दबातल. ज्युनियर कॉलेजवाल्यांनी नुसतं क्लिक करून भागत नाही.

आणि नोकरीत असाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक तुमची कंपनी असते, वेगळं काही ठरलं नसेल तर. बहुतेक सीएलएत 'माझ्या एम्प्लॉयरची परवानगी आहे' हे विधान असतंच, आणि हिंजवडीतून जीमेलने सही ठोकणारे किती जण ती परवानगी घेतात मला माहीत आहे. रीतसर मार्ग म्हणजे कॉर्पोरेट सीएलए, त्यावर कंपनीने सही करायची. तुमच्या ऑफिसात ती कोण करतं कळलं तर कमेंटमध्ये लिहा. मी ज्यांना विचारलं त्यांना एचआरने लीगलकडे पाठवलं होतं, आणि लीगलने मॅनेजरकडे.