मांजर आडवं गेलं की मी थांबतोच

मांजर आडवं गेलं की चार पावलं मागं सरणारी माणसं आमच्या बेळगावातल्या शहापुरात अजून आहेत. थांबतो मीही. फरक एवढाच, की ती दोन मिनिटांत वाटेला लागतात आणि मी रस्त्याकडेला उकिडवा बसून राहतो.

मांजरवेड्याबरोबर प्रवास करणं ही शिक्षा आहे, हे मला मान्य आहे. रोममध्ये सीझरचा खून झाला त्या जागेचे अवशेष बघायला जावं, तर हा तिथल्या खांबांवर झोपलेली मांजरं मोजत बसतो. इस्तंबूलकरांनी तर तोंबिली नावाच्या लठ्ठ मांजराचा २०१६ मध्ये पुतळाच उभारला. जेवण झाल्यावर कट्ट्यावर रेललेल्या पाटलासारखं पायरीवर कोपर टेकून बसलेलं मांजर! जपानात किशी स्टेशनावर २००७ साली तामा नावाच्या मांजरीला टोपीसकट स्टेशनमास्तर नेमलं. आमच्या बसस्टँडावरची मनी तेच काम बिनपगारी करते.

गाव कुठलंही असो, नवखा माणूस चूक तीच करतो. 'अगं बाई, किती गोड!' म्हणत सरळ चालून जातो आणि वरून डोक्यावर हात आणतो. मांजराच्या हिशेबी ही घारीची झडप.

कॅम्पातल्या मासळी मार्केटात सरावाला भरपूर वाव आहे. सहा-सात फुटांवर थांबायचं, खाली बसायचं, तेही जरा तिरकं. टक लावून बघायचं नाही. डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश उघडायचे. हा माझा चावटपणा नव्हे, ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलंय. असं केलं की अनोळखी माणसाकडंही मांजर जास्त वेळा येतं. मात्र मागून 'मासळी घेताय का मांजर घेताय ओ?' असा आवाज येतो, तेव्हाही डोळे मिटलेलेच ठेवायला धैर्य लागतं.

शेपटी उभी करून आली तर एक बोट तिच्या नाकाच्या उंचीला धरायचं. तिनं गाल घासला की गाल आणि हनुवटी खाजवायची, तीन-चार सेकंदच, मग हात काढायचा. पुन्हा डोकं घुसवलं तर परवानगी आहे. पोट दाखवलं तर ती परवानगी नव्हे. तिथं हात गेला की चारही पाय आणि दात एकदम कामाला लागतात. शेपटीचं टोक फटके मारायला लागलं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली, की उठायचं.

भाषेचा प्रश्न येत नाही. मराठीत 'ये ये' म्हणा नाहीतर कानडीत 'बा बा', हातात खायला काय आहे त्यावर सगळं ठरतं. बेळगावचं बेळगावी २०१४ मध्ये झालं, तेव्हाही तिनं कान हलवला नसावा.

खाण्यात आपला पाहुणचार नेमका आडवा येतो. बेळगावची मिठाई म्हणून कुंदा तिच्यापुढं ठेवू नका. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. हा गावाचा अपमान असला तरी इलाज नाही. दूधही नको, मोठ्या मांजराला ते बहुधा पचत नाही, पोट बिघडतं. कांदा-लसणाच्या रश्शातला तुकडा तर तिला विषच. उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाची कोंबडी, अंगठ्याएवढी, कागदावर ठेवून मागं सरकावं. हातातून भरवायला गेलात तर तिला बोट कुठं संपतं ते कळत नाही.

ओरखडा उठलाच तर हळद-चुना न लावता नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा. पंधरा म्हणजे पंधरा. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही. घरचे या काळात जे बोलतात त्यावर लस नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. बेळगावचा पाऊस लागला की मांजरं गाड्यांच्या गरम इंजिनात शिरतात. म्हणून सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर दोन जोरदार थापा, थोडा दम, मग सुरू. आतून मनी उतरते, आळस देते आणि सावकाश गाडीपुढून आडवी जाते. फाटकातले शेजारी लगेच चार पावलं मागं.