मुरी टाकली की टाकी साफ? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

"नदीतली मुरी नाहीतर कटवा घरच्या टाकीत सोडा, काई-घाण सगळी खाऊन टाकतो, खायला द्यायची गरज नाही, फिल्टर नको, पाणी बदलणं नको, मोठा झाला की फुटाळ्यात सोडा, पुण्य लागते." हा मेसेज पंधरा दिवसांपासून आमच्या घरच्या ग्रुपवर फिरून राह्यला. मुरी म्हणजे वाळूत राहणारा बारीक लांबट देशी मासा, कटवा म्हणजे मिशा आणि काटे असलेला देशी मासा, टाकी म्हणजे मासे पाळायची काचेची, काई म्हणजे शेवाळ, आणि फुटाळा हा आमच्या नागपूरचा तलाव. दोनदा वाचून सोडून दिला. मग रविवारी हुडकेश्वरला भावाकडे गेलो तर पुतणी टाकीसमोर बसलेली, म्हणे काका, हा मासा हलूनच नाही राह्यला.

दीड फुटाची टाकी, खाली निळी-गुलाबी खडी, फिल्टर बंद. भावानं बाजारातून सहा जिवंत मुऱ्या आणल्या होत्या, त्यातल्या दोन मेल्या. उरलेल्यांची पोटं खपाटीला गेलेली आणि मिशा झिजून नुसते ठिपके राह्यले होते. दहा दिवस एक दाणा टाकला नाही, काहून, तर मेसेजमधे लिहिलं होतं.

तर सगळ्यात आधी हेच, "घाण खाऊन जगतो". मुरी वाळूत तोंड खुपसते ते घाणीसाठी नाही, वाळूतल्या अळ्या, बारीक किडे शोधायला, आणि ते शोधायचं काम त्या मिशा करतात. नदीच्या वाळूत ते खाणं रोज नव्यानं तयार होते, तुमच्या दुकानातून आणलेल्या धुतलेल्या खडीत काय होणार? वर ती खडी धारदार, त्यावर घासून घासून मिशाच जातात, मग समोर टाकलेलं खाणंही सापडत नाही. काचेवरची काई तर ती खरवडतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि समजा टाकीतला सगळा गाळ खाल्ला, तरी पाणी साफ कसं होणार? खाल्लेलं शेवटी पाण्यातच येते ना बाप्पा. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो, तो डोळ्याला दिसत नाही, पाणी काचेसारखं दिसते आणि मासा आतून भाजतो. हा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू पचवतात, त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यातल्या त्यात कमी घातक नायट्रेट होते, नव्या टाकीत हे जिवाणू बसायला 4 ते 6 आठवडे लागतात, आणि साठलेलं नायट्रेट काढायला पाणी बदलावंच लागते. भावाच्या टाकीचं पाणी नळीत घेऊन अमोनियाच्या टेस्टचे थेंब टाकले, पिवळं राहायला पाहिजे ते गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर, पुतणीनं स्वतः रंग जुळवून पाह्यला. मेसेज लिहिणाऱ्यानं ही एक नळी तरी पाहायची होती.

असेच आणखी मेसेज आले, त्यातला एक, "देशी मासा काटक, नागपूरचा उन्हाळा सोसतो." हे अर्धं खरं आहे, मान्य. हीटर नाही लागत, आणि मुरी वर येऊन हवा गिळते, आतड्यातून श्वास घेते, म्हणून कमी ऑक्सिजनमधेही तग धरते. पण मे महिन्यात नदीतला मासा डोहात जातो, वाळूत शिरतो. बाहेर 45 डिग्री असताना काचेच्या डब्यातून तो कुठं जाईल? 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात, पुढं आणखी कमी. सारखी वर येऊन हवा गिळत असेल तर ती खेळून नाही राह्यली, तिला खाली श्वास पुरत नाही.

दुसऱ्या मेसेजमधे कटवा "शांत" म्हणे. दिवसा दगडाखाली शांतच असतो, रात्री निघून गप्पी गट्ट करतो. छातीच्या पराचा काटा करवतीसारखा, बोटात गेला की मोठा माणूस ओरडते, आणि हे लेकरांच्या खोलीत ठेवा म्हणते. पेंचमधून पकडून आणा असंही एका मेसेजमधे आहे. बाबा, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे, तिथल्या तोतलाडोह जलाशयात गळ टाकून बसाल तर गुन्हा दाखल होईल.

आता मेसेजसोबतचा तो फोटो. "विदर्भाची मुरी" म्हणून ज्या माशाचा फोटो लावला, अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि तोंड खाली चिकटलेलं, तो दुकानात मिळणारा सकर आहे, दक्षिण अमेरिकेतला, दीड फुटापर्यंत वाढतो. त्याला "सोडून द्या" म्हणजे काय होते ते पाहायचं असेल तर 2020 मधे वाराणसीजवळ गंगेत हाच सापडला होता, भारतीय वन्यजीव संस्थेनं धोका सांगितला होता. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तर तो भरपूर झालाय. कोणीतरी टाकीत मावेना म्हणूनच सोडला असणार. मुरी देशीच आहे, पण टाकीतला रोग घेऊन तीही तलावात जाते, त्यामुळं फुटाळा नाही, अंबाझरी नाही, कुठंच नाही.

उरलेल्या चार मी घरी आणल्या. जाळीनं काढताना एकीच्या डोळ्याखालचा काटा जाळीत अडकला, तो असतो हेच बहुतेकांना माहीत नसते, म्हणून बाकीच्या वाटीनं काढल्या. आता टबमधे बारीक वाळू आहे, जुन्या टाकीचा चालू स्पंज फिल्टर आहे, क्लोरीन काढलेलं पाणी आहे, वर झाकण आहे कारण मुरी उडी मारते. लाईट बंद केल्यावर बुडणारे दाणे टाकतो. काल रात्री टॉर्च मारला तर तीन जणी खात होत्या, चौथी अजून वाळूतून तोंड काढून नुसती बघून राह्यली होती.