हाताने घासलेला आरसा कमअस्सल नसतो

‘घरी घासलेला दुर्बिणीचा आरसा अचूक होऊच शकत नाही, कारण तो तपासायला लाखोंची यंत्रे लागतात,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लिओं फूको यांच्या १८५०च्या दशकातल्या चाचणीला बारीक छिद्रामागचा दिवा आणि दाढीचे पाते पुरते. वक्रताकेंद्रापाशी, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा मानता येतो त्याच्या केंद्रापाशी, जिथे आरशावरून परतलेला प्रकाश एकवटतो, पाते आडवे सरकवले की आरशावर सावल्या उमटतात. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान उंचवटेही त्यात ओळखू येतात! ६ इंची, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरशाची मधली खोली जेमतेम १.२ मिलिमीटर असते. तीही कार्बोरंडम या कठीण घर्षक पदार्थाची पूड घालून दोन काचा एकमेकींवर घासूनच येते. खरा धोका घाईचा आहे. पॉलिशने गरम झालेली काच लगेच तपासली तर आकार फसवा दिसतो. ती पूर्ण निवू द्या.