‘त्याला काय कळतंय, द्या इंजेक्शन’ या मेसेजबद्दल

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की मानसिक रुग्णाला आपण आजारी आहोत हेच कळत नसतं, मग औषध नको म्हणायचा हक्क त्याला देणं म्हणजे त्याला मरायला सोडणं, तेव्हा सरळ जबरदस्तीने द्या. हा शेअर करणाऱ्यांत घरात हे सगळं भोगलेले बरेच जण आहेत आणि त्यांची दमछाक मला समजते, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे.

"त्याला कळतच नाही." सायकोसिसमध्ये (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं त्यात) आजाराची जाणीव जाते हे खरंय, पण सगळ्यांची नाही आणि कायमची तर नाहीच. अमेरिकेतल्या १९९५ च्या मॅकआर्थर अभ्यासात स्किझोफ्रेनियासाठी ॲडमिट असलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक उपचाराचा निर्णय समजून घ्यायच्या सगळ्या चाचण्यांत ठीक निघाले. आणि निदान मान्य नसलं तरी औषधाने आपल्याला काय फायदा, काय तोटा हे माणसाला कळत असू शकतं, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००३ ला स्टारसन नावाच्या रुग्णाच्या केसमध्ये हेच धरलं.

"नको म्हणतो ते आजारामुळेच." हे वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो. अकाथिसिया, म्हणजे या औषधांनीच होणारी तगमग, काय असते ते जवळच्या माणसाचं पाहिलंय मी, बसवत नाही, झोपवत नाही, रात्रभर येरझाऱ्या, आणि घरचे समजतात आजार वाढला म्हणून डोस वाढवून आणतात! शिवाय वजन वाढतं, शुगर वाढते, गुंगी असते, काहींना तोंडाच्या, जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होतात त्या औषध थांबवल्यावरही राहू शकतात. अमेरिकेतल्या स्किझोफ्रेनियाच्या औषधांवरच्या केटी (CATIE) ट्रायलमध्ये (२००५) तर स्वतःच्या मर्जीने आलेल्या रुग्णांपैकी ७४ टक्क्यांचं दिलेलं औषध १८ महिन्यांच्या आत बंद झालं, कुणाचं गुण नाही म्हणून, कुणाचं त्रास होतो म्हणून, कुणी स्वतःच सोडलं. तेव्हा आधी विचारा ना, नक्की काय होतंय, डोस कमी करता येईल का, दुसरं औषध आहे का. (अचानक बंद मात्र करू नका, त्यानेही माणूस कोसळतो.)

"जबरदस्तीने निदान बरा तरी होतो." इंग्लंडमध्ये ३३३ जणांवर ऑक्टेट ट्रायल झाली, २०१३ ला छापून आली. डिस्चार्जनंतर एका गटावर सक्तीच्या उपचारांचा लांब मुदतीचा आदेश, दुसऱ्यावर थोड्याच दिवसांचं बंधन, आणि वर्षभरात परत ॲडमिट झाले दोन्हीकडे ३६ टक्केच.

"मग काय मरू द्यायचं?" नाही हो, असं कोण म्हणतंय. जीव धोक्यात असेल तर थोड्या वेळापुरती सक्ती करायची सोय बहुतेक कायद्यांत आहेच. पण ॲडमिट करणं वेगळं आणि औषध टोचणं वेगळं, दोन्हींचा निर्णय वेगवेगळा व्हायला हवा आणि त्यावर बाहेरच्या कुणाची तरी नजर हवी. आणि माणूस बरा असतानाच त्याच्याकडून लिहून घ्या, कुठलं औषध चालतं, कुठल्याने त्रास झाला होता, परत बिघडलं तर कुणाला बोलवायचं.